शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं आणि थकवा: घरी आल्यापासून पुढचे तीन महिने

रुग्ण पलंगावर हालचाल न करता पडून असतो. घरचं कुणीतरी विचारतं, "दुखतंय का?" तो म्हणतो, "नाही, बरंय." आता त्याला जरा खोकायला सांगा. चेहरा आक्रसतो, हात आपोआप टाक्यांवर जातो आणि खोकला घशातच अर्धवट विरतो. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं मोजायचं ते इथे. खोकताना, कुशीवर वळताना, उठून उभं राहताना किती दुखतं यावर पुढचे आठवडे कसे जाणार ते ठरतं. हलल्यावर दुखतं म्हणून रुग्ण पडून राहिला, की छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आतडी सुस्तावतात आणि स्नायू झिजायला लागतात. मग जो थकवा येतो त्याचं खापर सगळे भुलीवर फोडतात.

म्हणून इथे दुखणं आणि थकवा यांचा विचार एकत्र केला आहे. वेदनाशामक गोळी कशासाठी घ्यायची, तर पूर्ण श्वास घेता यावा, खोकता यावं, चालता यावं आणि रात्री झोप लागावी यासाठी. दुखणं शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. पहिल्या आठवड्यात ते बहुधा साधतही नाही. ही चार कामं जमत असतील, तर औषध पुरेसं आहे.

इथले सगळे आकडे प्रौढांसाठी आहेत. लहान मुलं, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, तसंच यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण यांचं गणित वेगळं असतं. आणि घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर काही निराळं लिहिलं असेल, तर तो कागदच प्रमाण.

दुखणं कसं चढतं आणि कसं उतरतं

कापलेल्या जागी सूज येते आणि ती साधारण ४८ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते. त्यामुळे दुसरा-तिसरा दिवस पहिल्या दिवसापेक्षा जड जाणं हे अगदी अपेक्षित आहे. त्यानंतर दुखणं उतरायला लागतं, पण सरळ रेषेत नाही. एखादा दिवस जास्त चाललं, रात्री झोप झाली नाही, पोट साफ झालं नाही, की ते पुन्हा थोडं वर जातं. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका, तीन-तीन दिवसांची तुलना करा.

पहिली रात्र मात्र बऱ्याच जणांना फसवते. ऑपरेशनच्या वेळी जखमेभोवती किंवा नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन दिलेलं असतं. औषध आणि जागा यांनुसार त्याचा परिणाम काही तासांपासून जवळजवळ एका दिवसापर्यंत टिकतो. तोवर रुग्णाला वाटतं, आपल्याला काही दुखतच नाही, गोळी कशाला? आणि मध्यरात्री तो परिणाम ओसरतो. रक्तात वेदनाशामक काहीच नसतं, दुखणं एकदम दहापैकी सात-आठवर जातं, आणि मग घेतलेली गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. हा अर्धा-पाऊण तास टाळता येतो. बधिरपणा शाबूत असतानाच पहिली गोळी सुरू करायची. घरी निघण्यापूर्वी विचारून घ्या: "नस बधिर केली आहे का? परिणाम किती वाजेपर्यंत राहील?" तोवर तो हात किंवा पाय गरम वस्तूंपासून जपा, दाबून ठेवू नका, भाजलं तरी कळत नाही.

काही दुखणी जखमेपासून दूर असतात आणि विनाकारण घाबरवतात. दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर एक-दोन दिवसांनी खांदा दुखू शकतो. पोट फुगवायला वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चिडतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून निघत असल्याने मेंदूला ते दुखणं खांद्यात असल्याचं भासतं. थोडं चाललं, काही वेळ सपाट झोपलं की बरं वाटतं. दोन-तीन दिवसांत ते जातं. घशात नळी घातलेली असेल तर दोन-तीन दिवस घसा खवखवतो. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल आणि नंतर बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, असं होत असेल तर भूलतज्ज्ञांना फोन करा. त्यावर नेमका इलाज आहे, निव्वळ सोसत बसू नका.

दुखण्याला नेमका शब्द द्या

"खूप दुखतंय" एवढ्यावरून डॉक्टरांना फार काही कळत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत, ते वापरा, कारण शब्दागणिक कारण बदलतं. ओढ बसते, ताणल्यासारखं होतं, असं दुखणं टाक्यांचं आणि शिवलेल्या स्नायूंचं. हलल्यावर वाढतं, स्थिर झाल्यावर कमी होतं. मुरडा मारून येणारी आणि जाणारी कळ बहुतेक वेळा आतड्यांतल्या वायूची असते. तिला वेदनाशामकापेक्षा चालणं आणि पोट साफ होणं जास्त मानवतं. नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकतं, जागा गरम आणि लाल आहे, असं असेल तर सूज किंवा पू यांचा विचार करावा लागतो. आग होते, वीज चमकल्यासारखी कळ जाते, मुंग्या येतात, कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो, हे नसेचं दुखणं. त्यावर नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. औषधच वेगळं लागतं.

शब्दाबरोबर आकडा लिहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट. दिवसातून तीनदा दोन आकडे: पडून असताना एक, खोकताना किंवा उठताना दुसरा. त्याच ओळीत घेतलेली गोळी, वेळ आणि किती मिनिटं चाललं ते. एक साधी वही पुरते. पडून ३ आणि हलताना ५ असेल तर गाडी रुळावर आहे. पडून ३ पण हलताना ८ असेल, तर रुग्ण शांत दिसत असला तरी औषध कमी पडतंय.

गोळ्या घड्याळाशी बांधा

पहिले तीन दिवस, मोठ्या ऑपरेशननंतर पाच ते सात दिवस, मूळ वेदनाशामक वेळेवर घ्यायचं. दुखायला लागल्यावर घेऊ असं ठरवलं, की प्रत्येक वेळी दुखणं वर चढलेलं असतं आणि ते खाली आणायला जास्त औषध लागतं.

पाया पॅरासिटामॉलचा. ५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या, यकृत चांगलं असलेल्या प्रौढ माणसाला एका वेळी १ ग्रॅमपर्यंत, दर ६ तासांनी, आणि २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमपेक्षा जास्त कधीच नाही. ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली तर २.६ ग्रॅम होतात. वजन कमी असेल, रोज मद्य घेण्याची सवय असेल, खाणं अगदीच कमी असेल, तर ही मर्यादा खाली येते. किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इथे होणारी चूक ठरलेली आहे: पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी पोटात जातं. सर्दीच्या गोळीत ते असतं, ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाच्या जोडगोळीत असतं, तापासाठी म्हणून घरातल्या कुणी दिलेल्या गोळीतही असतं. प्रत्येक पाकिटाच्या मागे घटक वाचा आणि एकूण मिलिग्रॅम वहीत लिहा. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलचा यकृतावरचा परिणाम पहिल्या दिवशी जाणवतही नाही, म्हणून ते इतकं धोक्याचं.

दुसरा थर सूज कमी करणाऱ्या गोळ्यांचा: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन वगैरे. पॅरासिटामॉलबरोबर त्या छान चालतात, कारण दोन्हींचं काम करण्याचं ठिकाण वेगळं आहे. पण या गटातली एका वेळी एकच. सकाळी डायक्लोफेनॅक आणि दुपारी आयबुप्रोफेन म्हणजे एकाच गटाचा दुप्पट डोस. खाऊन घ्या, पाणी भरपूर प्या. पोटात व्रण झालेला असेल, मूत्रपिंड अशक्त असेल, हृदयाचं काम कमी असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा अशा गोळीने पूर्वी दमा उसळला असेल, तर विचारल्याशिवाय एकही नको. रक्तदाबासाठी प्रिल किंवा सार्टन अशा शेवटाच्या नावाची गोळी आणि त्यासोबत लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी तर खास जपावं. त्या दोन्हींवर ही तिसरी पडली आणि अंगात पाणी कमी असलं, तर मूत्रपिंड अचानक बसू शकतं.

तिसरा थर राखीव. ट्रॅमाडॉल किंवा त्याहून तीव्र अफूगटातलं औषध लिहून दिलं असेल, तर ते वरच्या दोन थरांवर भागत नसेल तेव्हाच घ्या, थोडेच दिवस आणि लिहिलेल्या डोसातच. त्याने मळमळ, गुंगी, चक्कर आणि बद्धकोष्ठ होतं. त्याच्याबरोबर मद्य किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो. नैराश्याच्या काही गोळ्यांशी ट्रॅमाडॉलचं जमत नाही आणि फेफरं येण्याची प्रवृत्ती असलेल्यांना ते चालत नाही. आधीची सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नाही, श्वास फार संथ झालाय, ओठ काळपट-निळे दिसताहेत, असं दिसलं तर वाट पाहायची नाही, रुग्णवाहिका बोलवायची.

एक दिवस कसा मांडायचा ते पाहा. सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री १२ या पॅरासिटामॉलच्या वेळा. सूज उतरवणारी गोळी दिलेली असेल तर न्याहारी आणि रात्रीच्या जेवणानंतर, किंवा लिहिलं असेल तशी. जखमेची पट्टी बदलणं, फिजिओथेरपी, आंघोळ ही कामं गोळीनंतर ३० ते ४५ मिनिटांनी. रात्री १२ चा गजर लावा. हा डोस चुकला की पहाटे चारला जाग येते ती दुखण्यानेच. चुकलेला डोस आठवला की घ्या आणि तिथून पुढे ६ तास मोजा. दोन डोस एकत्र करू नका.

कमी करताना क्रम उलटा. आधी अफूगटातलं औषध: दिवसातले डोस घटवत शेवटी फक्त रात्रीचा, मग तोही बंद. एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस ते रोज घेतलं असेल तर एकदम थांबवू नका; बेचैनी, घाम, जुलाब होतात. मग सूज उतरवणारी गोळी. पॅरासिटामॉल सर्वांत शेवटी, तेही आधी दिवसातून तीनदा, मग फक्त व्यायामापूर्वी आणि झोपताना. हलतानाचा आकडा सलग दोन दिवस चारच्या खाली राहिला की एक पायरी उतरा. उतरल्यावर पुन्हा वर गेला तर आधीच्या पायरीवर दोन दिवस थांबा.

पोट साफ होणं हाही दुखण्याचाच भाग

हे फार कमी रुग्णांना आधी सांगितलं जातं आणि चौथ्या दिवशी सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. अफूगटातली औषधं आतड्यांची हालचाल मंद करतात. गुंगी आणि मळमळ काही दिवसांत सवयीने कमी होते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत तसंच राहतं. म्हणून अशा पहिल्या गोळीबरोबरच सौम्य रेचक सुरू करायचं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. लॅक्टुलोज, सेना, बिसाकोडिल ही नेहमीची नावं आहेत. आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय काही घेऊ नका. नुसता भुसा किंवा फुगणारं चूर्ण पाणी न पिता घेतलं, तर मंद आतड्यात त्याचा गोळा होतो आणि त्रास वाढतो. शौचाला बसताना पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, टाक्यांवर उशी धरा आणि कुंथू नका. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा शौचाला व्हायला दोन-चार दिवस लागतात. पण पोट फुगत चाललंय, उलट्या होताहेत आणि वायूही सरत नाही, हे बद्धकोष्ठ समजून घरी रेचक देत बसण्याचं लक्षण नाही, रुग्णालयात जा.

उठण्याची रीत

पोटावर टाके असताना माणूस सवयीने सरळ उठून बसायला जातो. त्या एका हालचालीत पोटाचे सगळे स्नायू एकदम ताणले जातात. त्याऐवजी असं करा. उताणं झोपलेलं असताना दोन्ही गुडघे वाकवा, तळपाय गादीवर टेकवा. खांदा, कंबर आणि गुडघे एकदमच, लाकडाचा ओंडका फिरवावा तसे, कडेच्या बाजूला वळवा. आता पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीत रोवून अंग वर उचला. पायांचं वजन खाली जाताना धड आपोआप वर येतं. पोटाला फारसं काम उरत नाही. बसल्यावर मिनिटभर थांबा, घोटे दहा वेळा वरखाली करा, डोकं स्थिर आहे ना पाहा आणि मगच उभे राहा. पहिल्या दिवसांत बरेच रुग्ण उठल्या उठल्या चालायला लागतात आणि चक्कर येऊन पडतात. ते या मिनिटभराच्या घाईने.

खुब्याचा सांधा बदललेला असेल किंवा मणक्याचं ऑपरेशन असेल, तर फिजिओथेरपिस्टने शिकवलेली पद्धतच वापरा. छातीचं हाड कापून हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर हातांवर जोर देऊन उठायचं नाही.

खोकताना चार बोटं जाडीची घडी केलेली चादर किंवा उशी जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा, पुढे थोडं वाका, श्वास भरून घ्या आणि खोका. टाके यामुळे उसवत नाहीत. उलट दाबामुळे ओढ कमी बसते. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास, प्रत्येक श्वास दोन-तीन सेकंद रोखून सोडायचा. रुग्णालयाने चेंडूचं श्वासयंत्र दिलं असेल तर त्यातून हवा आत ओढायची असते. बरेच लोक त्यात फुंकतात आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

सांधे किंवा हातपायांच्या ऑपरेशनमध्ये पहिले दोन-तीन दिवस बर्फाचा चांगला उपयोग होतो: कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. बधिर कातडीवर ठेवू नका, पट्टी ओली होऊ देऊ नका. सुजलेला पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा, म्हणजे झोपून पोटरीखाली उशा. खुर्चीत बसून स्टुलावर ठेवलेला पाय उंच होत नाही.

एवढा थकवा का येतो

भुलीची आधुनिक औषधं साधारण दिवसभरात शरीरातून बरीचशी निघून जातात. म्हणून पहिले २४ तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, एवढं खरं. आठव्या दिवसाचा थकवा भुलीचा नसतो. त्याची कारणं दुसरी आहेत आणि त्यांतली बरीचशी दुरुस्त करता येतात.

शस्त्रक्रिया शरीराला मोठ्या जखमेसारखीच वाटते. कॉर्टिसॉल वाढतं, दाहाची रसायनं रक्तात येतात, आणि जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिनं शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढून घेतं. त्यात पडून राहण्याने स्नायूंची ताकद दिवसाला जवळपास एक टक्का कमी होते. वयस्कर माणसांत हा फटका जास्त बसतो. रक्त गेलेलं असतं. पहिल्या रात्री स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशी होते आणि पुढच्या दोन-तीन रात्री ती उसळून परत येते, म्हणून त्या दिवसांत भयंकर स्वप्नं पडतात. मेंदूत काही बिघाड झाल्याचं ते लक्षण नाही. गुंगीची औषधं, कमी खाणं, कमी पाणी आणि मनावरचा ताण हे सगळं त्यात मिसळतं.

किती दिवस? दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तर एक-दोन आठवडे. पोट उघडून झालेली मोठी शस्त्रक्रिया किंवा गर्भाशय काढणं असेल तर सहा आठवडे ते तीन महिने. हृदयाच्या खुल्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिने. गुडघा बदलल्यावर रोजचं चालणं तीन महिन्यांत जमतं, पण पूर्ण ताकद यायला वर्षही लागतं. हे सर्वसाधारण अंदाज आहेत. वय, आधीची ताकद आणि रक्तातलं हिमोग्लोबिन यांनी ते मागेपुढे होतात.

चालणं: मिनिटं मोजून

"आराम करा" हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि रुग्णाला मागे ओढतो. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी चांगलं वेदनाशमन, लवकर खाणं आणि लवकर चालवणं यांची सांगड घालून, मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर रुग्णांना दोन-तीन दिवसांत घरी पाठवता येतं हे दाखवलं. त्यापूर्वी अशा रुग्णांना बरेच दिवस अंथरुणातच ठेवत. आज जगभर या पद्धतीवर काम चालतं.

उलट टोकाची चूकही तेवढीच होते. एक दिवस बरं वाटतं, रुग्ण राहिलेली सगळी कामं उरकतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा बरं वाटतं, पुन्हा तेच. महिना संपतो आणि माणूस जिथल्या तिथे. यावर उपाय असा:

१. तीन दिवस मोजा की दमणूक किंवा दुखणं वाढण्यापूर्वी किती मिनिटं चालता येतं. समजा ८, १२ आणि १० मिनिटं. सरासरी १०.

२. त्यातली चौथाई कमी करा. साधारण ७ मिनिटं. हा तुमचा पाया. दिवसातून चार वेळा ७-७ मिनिटं चाला, बरं वाटत असलं तरी जास्त नाही आणि कंटाळा आला तरी कमी नाही.

३. दर दोन दिवसांनी प्रत्येक फेरीत एक मिनिट वाढवा. १५ मिनिटांच्या पुढे गेलात की चार फेऱ्यांच्या तीन करा, ३० मिनिटांना पोचलात की दोन.

४. तीन कसोट्या लावा. चालताना पूर्ण वाक्य न धापता बोलता यावं. दुखण्याचा आकडा दोनपेक्षा जास्त वाढू नये आणि तासाभरात पूर्वपदावर यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी कालपेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटू नये. यातली एक जरी बिघडली, तर दोन दिवस आधीच्या मिनिटांवर राहा. पूर्ण विश्रांती नको.

आंघोळीला लोक काम समजत नाहीत, पण पहिल्या दोन आठवड्यांत ती चालण्याच्या एका मोठ्या फेरीएवढी दमवते. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात, हात वर करावे लागतात, वाकावं लागतं. स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, गोळीनंतर आंघोळ करा आणि मग अर्धा तास काही नको. आंघोळ, पट्टी आणि भेटायला येणारी मंडळी एकाच सकाळी ठेवू नका. भेटायला आलेल्यांना पंधरा मिनिटांनी उठवायचं काम घरच्या एकाने स्वतःकडे घ्यावं. रुग्ण भिडेखातर बसून राहतो आणि रात्री त्याची किंमत मोजतो.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे ४-५ किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका. तुमच्या शल्यचिकित्सकाने वेगळी मुदत सांगितली असेल तर ती पाळा.

खाणं, रक्त आणि झोप

जखम भरताना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या डाळी-कडधान्यांत ८-९ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत २५ ग्रॅमहून अधिक. या हिशोबाने पाहिलं तर पहिल्या आठवड्यात नुसतं पातळ, हलकं खाणाऱ्याला गरजेच्या निम्मंही मिळत नाही. भूक नसेल तर तीनऐवजी सहा वेळा थोडं थोडं द्या आणि ताटातलं प्रथिन आधी संपवायला सांगा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा आकडा आपल्या डॉक्टरांकडून घ्यावा.

रक्त बरंच गेलं असेल तर घरी येताना हिमोग्लोबिन किती होतं ते विचारा. लोहाच्या गोळीने ते दोन-तीन आठवड्यांत जेमतेम एक ग्रॅमने वाढतं, म्हणून चार दिवस घेऊन सोडू नका. चहा-कॉफी आणि ही गोळी यांत निदान एक-दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाचा रंग गोळीने काळसर होतो. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीचं झालं, तर मात्र तो रक्तस्राव असू शकतो.

दुपारची झोप तीन वाजण्यापूर्वी आणि अर्ध्या तासाच्या आत. सकाळी खिडकीपाशी किंवा बाहेर उजेडात बसवा. रात्री पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशी दिली की पोटावरचा ताण कमी होतो. गुडघा बदललेल्यांनी मात्र गुडघ्याखाली उशी ठेवू नये, तो वाकलेलाच आखडतो.

कधी थांबायचं नाही

खाली येत असलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पुन्हा चढायला लागलं, तर गोळी वाढवण्याआधी कारण शोधा. आतड्याला टाके असलेल्या रुग्णात पहिल्या आठवड्यात पोटदुखी वाढणं, नाडी जलद होणं आणि ताप येणं ही टाका सुटल्याची चिन्हं असू शकतात. खालीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा: ३८ अंश सेल्सिअसपेक्षा (१००.४ फॅरेनहाइट) जास्त ताप, जखमेभोवतीची लाली पसरणं, पू किंवा जखम उघडणं, सहा-आठ तास लघवी न होणं.

पुढच्या गोष्टींत तर एक तासही थांबू नका. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त. नव्याने आलेलं भ्रमिष्टपण, विशेषतः वयस्कर रुग्णात. प्लॅस्टर किंवा घट्ट पट्टीतल्या हातापायाचं असह्य, गोळीला न जुमानणारं दुखणं, ज्यात बोटं दुसऱ्याने ताणली की ते भयंकर वाढतं. इथे स्नायूंचा रक्तपुरवठा दाबला जात असतो आणि काही तासांत कायमचं नुकसान होतं.

थकव्याची अशी तातडी नसते, पण तीन आठवड्यांत वहीतली मिनिटं वाढतच नसतील तर तपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, मूत्रपिंड, दबलेला संसर्ग. औषधांची यादीही पाहून घ्या. नसेच्या दुखण्यासाठी दिलेलं गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन दिवसभर गुंगी ठेवतं आणि बऱ्याचदा त्याचा डोस संध्याकाळकडे सरकवला की दिवस मोकळा होतो. सारखं रडू येणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तेही स्पष्ट सांगा. नैराश्यामुळे थकवा आणि दुखणं दोन्ही वाढतं आणि त्यावर उपचार आहेत.

जखम भरली तरी दुखत राहिलं तर

तीन महिन्यांनंतरही त्याच जागी दुखत असेल, तर त्याला शस्त्रक्रियेनंतरचं दीर्घकाळचं दुखणं म्हणतात आणि वैद्यकशास्त्रात तो आता स्वतंत्र आजार म्हणून नोंदला जातो. हर्निया, स्तन, छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया आणि अवयव कापून काढणं यांत ते जास्त दिसतं, कारण तिथे नसा दुखावल्या जातात. पहिल्या आठवड्यातलं दुखणं नीट आवरलेलं नसेल, तर पुढे हे होण्याची शक्यता वाढते. म्हणून "थोडं सोसायचं" हा सल्ला महागात पडू शकतो.

याची चाहूल बरीच आधी लागते. सहाव्या आठवड्यात जखम कोरडी आणि स्वच्छ आहे, तरी टाक्यांच्या रेषेच्या एका बाजूला आग होते, अंगरखा घासला तरी नको वाटतं, शेजारी तळहाताएवढी जागा बधिर आहे. वहीतले आकडे आणि हे शब्द घेऊन त्याच वेळी जा, तीन महिने पूर्ण व्हायची वाट पाहू नका. नसेच्या दुखण्यावरची औषधं, म्हणजे अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, कमी डोसाने सुरू करून हळूहळू वाढवतात आणि परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून लोक ती सोडून देतात. त्यासोबत दुखऱ्या जागेला दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटं स्पर्शाची सवय लावायची: आधी रेशमी कापड, ते सोसलं की सुती, मग टॉवेल. जखम पूर्ण भरलेली असेल तरच, आणि कडेकडून आत सरकत.